जमिनीचे हात पिवळे करताना

नगररचनेच्या नकाशात रहिवास विभाग पिवळा असतो आणि शेती विभाग हिरवा. हे रंग ज्याने ठरवले त्याला मराठी येत असणार, असा माझा दाट संशय आहे. हिरव्या जमिनीचे हात पिवळे करायला निघालेल्या माणसाचे जोडे वधूपित्याइतकेच झिजतात आणि पत्रिका दोन्हीकडे लागते. इकडची पत्रिका मिळकतीची. तिच्यात मंगळ नसतो, बोजा असतो.

पहिला घोळ बिनशेतीचा, म्हणजे एनएचा. ‘एनए झालं की झोन बदलतो’ हे वाक्य चहाच्या टपरीवर इतक्या ठामपणे बोललं जातं, की कायद्यानेच आपली चूक कबूल करावी असं वाटू लागतं. एनए हा महसूल खात्याचा विषय. झोन हे नगररचनेचं मत. मत हिरवं असेल, तर महसूलवाले तुमच्या तीन मजली इमारतीला हार घालत नाहीत. म्हणून सुरुवात दोन कागदांनी करायची: झोन दाखला आणि भाग नकाशा. एकावर भागवू नका. दाखल्यावर असतं, ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती, अंशतः १८ मीटर रुंद रस्ता’. या तीन ‘अंशतः’पैकी आपलं स्वयंपाकघर कुठल्यात पडतं, हे फक्त नकाशाच सांगतो.

आणि नकाशाही सांगतो ते सांभाळून घ्यावं. जुने गाव नकाशे साखळी-आण्याच्या मापातले. साखळी ३३ फुटांची, १६ आणे म्हणजे एक साखळी, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा आपला गुंठा. असे नकाशे एकमेकांना जोडून त्यावर विकास आराखड्याची, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशाची, रेघ ओढतात. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. नऊ मीटरचा रस्ता कागदावर सव्वादोन मिलिमीटर. त्या दिवशी आरेखकाच्या पेनाचं टोक जरा जाड असलं, तर तुमची विहीर रस्त्यात जाते. म्हणून भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून तिच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात असल्याशिवाय कुणाशीही भांडू नये, सख्ख्या भावाशीसुद्धा.

आता झोन बदलायची दारं दोन. एक आपोआप उघडतं, पण वीस वर्षांतून एकदा: नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातलं कलम २६ हरकतींसाठी ३० दिवस देतं, बृहन्मुंबईला ६०. दिवस मोजायचे ते राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. मेव्हण्याने फोन करून ‘तुमच्यावर आरक्षण पडलंय’ सांगितलं तेव्हापासून नव्हे. (आरक्षण म्हणजे तुमची जमीन मैदानासाठी, रस्त्यासाठी वगैरे राखून ठेवणं. आणि ‘पडलंय’ हा शब्द बघा. वीज, दरोडा, दुष्काळ आणि आरक्षण, चौघंही पडतात.) मेव्हण्याला साधारण अठराव्या दिवशी कळतं.

हरकत लिहिताना माणसाला हमखास वाङ्मय सुचतं. आजोबांनी घाम गाळला, मुलीचं लग्न ठरलंय, बँकेचं कर्ज आहे. सगळं खरं आणि सगळं निरुपयोगी, कारण नगररचनेच्या दृष्टीने दुःख हा जमीनवापर नाही. चालतात ती रुक्ष कारणं. आरक्षणाच्या जागी आधीपासून परवानगीचं बांधकाम आहे, ही घ्या प्रत. रेखांकन मंजूर आहे, हा आदेश. मैदानाला पोचायला रस्ताच दाखवलेला नाही. सर्वांत जोरकस कारण म्हणजे मूळ पाहणीतली चूक, विद्यमान जमीनवापराच्या नकाशात तुमची चाळ मोकळी जागा म्हणून दाखवलेली असणे. अशा चुकांना आडगावच लागतं असं नाही. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांना दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले.

पर्यायी जागा सुचवली तर हरकतीला वजन येतं. मात्र शेजाऱ्याचा गट सुचवू नका. आरक्षण हललं नाही तरी शेजारी हलतो. जवळपासची सरकारी जागा शोधा, तिचाही सातबारा जोडा. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे देवाला केलेली प्रार्थना. ऐकली असेलही, पण सिद्ध करता येत नाही.

मग सुनावणी. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि फार तर चार तज्ज्ञ, म्हणजे सात जण. म्हणून रंगीत नकाशाच्या सात प्रती न्या, आपला गट लाल रेघेने वेढलेला आणि उत्तर दिशेचा बाण ठळक. हा बाण शोभेचा नाही. समितीपुढे दिवसभर नकाशे फिरत असतात आणि तिसऱ्या तासानंतर ते उलटेही धरले जातात. तुमचं शेत नदीच्या पलीकडे गेलेलं अशा वेळी शांतपणे परत आणावं लागतं.

नोटिशीत वेळ सकाळी साडेदहाची असते. तुमच्यासकट आणखी दीडशे जणांची. बाकडी दहा. पंखा एक, तोही शिपायाच्या डोक्यावर. तिथे भेटणारा प्रत्येक जण सांगतो की त्याची वरपर्यंत ओळख आहे, आणि तरी तो तुमच्याच रांगेत उभा असतो. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला अधिकारपत्र द्या. ‘काका आले आहेत’ एवढ्यावर समितीचं समाधान होत नाही, काका कितीही मोठे असले तरी.

नंबर लागला की हाती दोन-तीन मिनिटं.

‘हरकत क्रमांक ४१२.’

‘साहेब, ही जमीन आमच्या पणजोबांनी…’

‘गट नंबर?’

इथेच बहुतेकांचा डाव संपतो. पणजोबांपासून गट नंबरापर्यंत यायला चार पिढ्या लागतात आणि तेवढ्यात ४१३ आत येतो. पहिलं वाक्य गट नंबर, दुसरं मागणी, तिसरं कारण आणि चौथं ‘पान अमुकवर पुरावा आहे’. पाचव्या वाक्याची वेळ येत नाही. निकाल तिथे सांगत नाहीत. ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं’ एवढंच ऐकू येतं, आणि कारकुनाच्या वहीत त्या म्हणण्याची दीड ओळ झालेली असते. म्हणून लेखी निवेदन त्याच दिवशी द्या आणि तिथेही शिक्का घ्या. माझं शिक्क्याचं वेड एव्हाना लक्षात आलं असेलच.

दुसरं दार कलम ३७ चं, म्हणजे आराखडा मंजूर झाल्यावरच्या फेरबदलाचं. याची अट मोठी लोभस आहे: फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे बदल आपल्या आयुष्याला पुरेल एवढा मोठा आणि आराखड्याच्या लक्षात येणार नाही एवढा लहान, असं एकाच अर्जात पटवायचं. विषय पालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे जातो. तो कार्यपत्रिकेवर शेवटून दुसरा असतो, आणि शेवटून तिसऱ्या विषयावर गणपूर्ती संपते. सभा तहकूब. कधीतरी ठराव होतो, राजपत्रात सूचना लागते आणि हरकतींना एक महिना मिळतो.

आता पाट बदललेला असतो. मघाशी तुम्ही हरकतदार होता, आता शेजारी. तो विचारतो, पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, आणि मुख्य म्हणजे रस्ता कुणाचा? प्रकरणं सर्वांत जास्त इथे बुडताना दिसतात. बैलगाडीची वहिवाट साठ वर्षांची असली तरी सातबाऱ्यावर ती जागा तिसऱ्याच्याच नावावर निघते, आणि हा तिसरा नेमका तुम्ही लग्नाला न बोलावलेला. त्याच्याशी आधीच नोंदणीकृत लेखी करून घ्या.

पुढे प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे, तिथून पुण्याला नगररचना संचालकांच्या अभिप्रायाला, तिथून पुन्हा मंत्रालयात. फाईल तुमच्यापेक्षा जास्त वेळा घाट चढते. शेवटी राजपत्रात अधिसूचना येते. पेढे आणण्याआधी ती शांतपणे वाचा. कारण गट क्रमांक १२७/२ ऐवजी १२७/३ पिवळा झालेला असू शकतो, आणि १२७/३ त्या वहिवाटवाल्याचा. मग शुद्धिपत्रकासाठी अर्ज करायचा. सोबत झोन दाखला, भाग नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत आणि तीन महिन्यांच्या आतला सातबारा. फाईलमधला आता चार वर्षांचा झालेला असतो.