‘अनुभव पुरेसा आहे’ : खासगी मानसोपचाराविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

खासगी व्यवसाय करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांमध्ये आणि समुपदेशकांमध्ये एक मत मोठ्या विश्वासाने मांडले जाते आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा : संशोधन हे विद्यापीठांचे काम आहे, त्यातले रुग्ण आपल्याकडे येणाऱ्या माणसांसारखे नसतात, पद्धत कोणतीही वापरा, गुण येतो तो नात्यामुळे, प्रश्नावल्यांमुळे ते नाते कोरडे होते, आणि पंधरा-वीस वर्षे माणसांसमोर बसलेल्याला जे कळते, ते कोणताही शोधनिबंध शिकवू शकत नाही. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि सर्वांत घातकही, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

अनुभवातून शिकायचे तर आपल्या कामाचा निकाल आपल्यापर्यंत पोहोचावा लागतो. शल्यविशारदाला उसवलेला टाका दिसतो. आपल्याकडे चौथ्या सेशननंतर न आलेला क्लायंट बरा वाटले म्हणून आला नाही की निराश होऊन, हे बहुतेक वेळा कळतच नाही. जे टिकतात, आभार मानतात आणि ओळखीच्यांना आपल्याकडे पाठवतात, त्यांच्यावरून आपण आपली पारख करतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२९ व्यावसायिकांना आपले कौशल्य समव्यावसायिकांच्या तुलनेत कुठे बसते, असे विचारले होते. त्यांच्यापैकी एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवले नाही, आणि सुमारे पाव लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत गणले. ही माणसे अप्रामाणिक नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी माहितीच एकतर्फी होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल लँबर्ट यांच्या गटाचा २००५ सालचा अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. उपचारांअंती कोणाची प्रकृती बिघडलेली असेल, याचा अंदाज थेरपिस्टना करायला सांगितला होता. ५५० क्लायंटपैकी ४० जणांची स्थिती खालावली; थेरपिस्टनी मात्र तिघांचीच नावे सांगितली होती आणि त्यांतला एकच अंदाज बरोबर ठरला. साध्या प्रश्नावलीतल्या गुणांवर आधारलेल्या गणिताने त्या चाळिसांपैकी बहुतेकांना हेरले होते. नुसत्या वर्षांनी ही उणीव भरून निघते, असेही दिसत नाही. १७० थेरपिस्ट आणि ६,५९१ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुभव वाढला तसे निकाल सरासरीने किंचित घसरलेले आढळले. घसरण अगदी थोडी होती, काही थेरपिस्ट काळाबरोबर सुधारले, आणि उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही थोडे कमी झाले, हे त्याबरोबरच सांगायला हवे. परंतु ‘वर्षे गेली की शहाणपण येतेच’ या गृहीतकाला त्या आकड्यांत आधार सापडत नाही.

अनुभव किती ठामपणे दिशाभूल करू शकतो, याचे उदाहरण आपत्तीनंतरच्या एका प्रथेतही आहे. अपघात किंवा दुर्घटना घडल्यावर लगेचच, एकाच बैठकीत माणसाला सारा प्रसंग तपशिलाने बोलायला लावायचे, अशी पद्धत १९८० आणि १९९० च्या दशकांत सर्वदूर रूढ झाली. बोलून मोकळी झालेली माणसे आभार मानत, आणि ते आभार हाच पुरावा वाटे. नियंत्रित चाचण्या झाल्या, तेव्हा पुढच्या आघातजन्य तणावविकाराला या एका बैठकीने आळा बसत नसल्याचे दिसले. रस्ते-अपघातातल्या जखमींच्या एका अभ्यासात तर, सुरुवातीला जास्त त्रास असलेल्यांपैकी ज्यांना ही बैठक मिळाली, ते तीन वर्षांनंतरही तशी बैठक न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते. खोलीत बसलेल्या कोणालाही हे समजले नसते, कारण तुलनेचा दुसरा गट त्या खोलीत नसतोच.

प्रयोगातले रुग्ण वेगळे असतात, या आक्षेपात तथ्य आहे. जुन्या चाचण्यांमधून व्यसन असलेली, दोन-तीन विकार एकत्र असलेली माणसे पुष्कळदा वगळली जात, आणि ती टीका संशोधकांनी स्वतःच केली आहे. पण सगळेच संशोधन तसे नाही, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने नैराश्यावरची एक छोटी उपचारपद्धती प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नेहमीच्या रांगेत आलेल्या रुग्णांवर तपासली. उपचार देणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर असावेत, अशी अट नव्हती. प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती, आणि सेशन होती सहा ते आठ. ४९५ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले आणि नेहमीच्या, पण थोडी सुधारणा केलेल्या सेवेपेक्षा ही पद्धत उजवी ठरली.

नात्याचा मुद्दा लवकर आटोपता येईल. उपचारातले नाते महत्त्वाचे असते, हे आपल्याला इतक्या खात्रीने सांगता येते ते शेकडो अभ्यासांमुळेच. त्या अभ्यासांतून असेही दिसते की नात्याचा निकालाशी संबंध पक्का असला, तरी मध्यम ताकदीचा आहे. शिवाय प्रेमळ नाते पद्धतीविना अपाय करू शकते. मंत्रचळाने (ओसीडी) त्रस्त असलेली बाई प्रत्येक सेशनला विचारते, “ताई, मी गॅस नक्की बंद केला असेन ना?” आणि समुपदेशक मायेने म्हणते, “केलाच असणार, काळजी करू नका.” तेवढ्यापुरते बाईंना हायसे वाटते, दोघींचा परस्परांवरचा विश्वास वाढतो, आणि खात्री करून घेण्याची सक्तीही नेमकी त्याच उत्तरावर पोसली जाते. अनिश्चितता सोसायला शिकवणारी, खात्री करून घेण्याची कृती रोखून धरायला लावणारी पद्धत इथे लागते, आणि ती शिकावी लागते.

प्रश्नावलीने नाते कोरडे होते, हे म्हणणे प्रश्नावली कशी वापरली जाते ते न पाहता केलेले आहे. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत, ती विनामूल्य आहे आणि भरायला जेमतेम तीन मिनिटे लागतात. “बरं चाललंय” असे म्हणत आत आलेला तरुण नवव्या प्रश्नापुढे, म्हणजे मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी या विचारांपुढे, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ अशी खूण करतो. जे तोंडाने उच्चारणे त्याला जड गेले असते, ते कागदावर सांगता आलेले असते. त्या खुणेवर बोट ठेवून “याविषयी बोलू या का?” असे विचारण्यात कोरडेपणा कुठे आहे? कोरडेपणा येतो तो कागद भरून घेऊन फायलीत ठेवून देण्याने.

राहिला विद्यापीठांचा मुद्दा. १९४९ साली अमेरिकेतल्या बोल्डर येथील परिषदेने मानसशास्त्रज्ञ एकाच वेळी संशोधक आणि उपचारक असावा, असा आदर्श मांडला. प्रत्यक्षात दोन्ही वाटा पुढे दूर गेल्या, हे खरे. तरी आजच्या कितीतरी पद्धतींचा उगम रुग्णासमोरच्या खुर्चीतच झाला. विचारांवर काम करणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह थेरपी’चे जनक एरन बेक सुरुवातीला नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांत दडलेला राग शोधायला निघाले होते. सापडला तो पराभव आणि गमावल्याची भावना, आणि त्या विसंगतीचा त्यांनी पाठपुरावा केला. पेनसिल्व्हेनियात टॉम बोर्कोवेक, लुई कास्टोंग्वे यांच्यासारखे संशोधक आणि खासगी व्यवसाय करणारे मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून एकत्र संशोधन करण्यासाठी एक जाळे उभारले. त्यातल्या एका अभ्यासात प्रत्येक सेशननंतर थेरपिस्ट आणि क्लायंट वेगवेगळ्या कार्डांवर लिहीत : आज काय उपयोगी पडले, काय आड आले. विशेष म्हणजे कोणता प्रश्न अभ्यासायचा, हे ठरवण्यात उपचार करणाऱ्यांचाही वाटा होता. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००५ च्या धोरणातही संशोधन, उपचारकाचे कौशल्य आणि क्लायंटची संस्कृती व पसंती या तिन्हींचा मेळ अपेक्षित आहे. अनुभवाला तिथे मानाचे स्थान आहे.

आपल्याकडे एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला यासाठी आधार नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती जोरात मांडली गेली पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून २०२५ पासून सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली; पुण्यातल्या किंवा साताऱ्यातल्या खासगी मानसशास्त्रज्ञाला त्यातून काहीच मिळत नाही. व्यावसायिक संघटनांनी नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञांना त्यात सामावून घेण्याची मागणी करायला हवी. तोवर चार-पाच जणांनी एकच प्रश्नावली ठरवून, क्लायंटच्या लेखी संमतीने आणि नावे वगळून, महिन्यातून एकदा गुण घसरलेल्या केसेसवर बोलायला बसणे शक्य आहे. गोव्यातल्या समुपदेशकांनी तर एकमेकांची ध्वनिमुद्रित सेशन ऐकून त्यांना ठरलेल्या मापावर गुण दिले होते.