रिलेची बोंब

गेल्या रविवारपासून आमच्या वाड्यावर मला 'हॉर्नवाला' म्हणू लागले आहेत. वस्तुतः माझे भांडण हॉर्नशी कधीच नव्हते. ते पंख्याशी होते. एका संध्याकाळी पणजीहून फोंड्याला परतल्यावर गाडी दारात उभी केली, किल्ली काढली, आणि रेडिएटरचा पंखा फिरतच राहिला. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो चार-पाच मिनिटे फिरतो, हे ठाऊक असल्यामुळे मी निवांत जेवून आलो. पंखा अजून फिरतच होता. असा पंखा दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो, म्हणजे लहान गाडीच्या 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जीव दोन-तीन तासांत जातो. तेव्हापासून रात्री 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची तार सोडायची आणि सकाळी पुन्हा आवळायची, हा तुळशीला पाणी घालण्यासारखा माझा नित्यनेम झाला.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्यापूर्वीच 'सेन्सर' असे निदान केले, आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणारा तो सेन्सर मजुरीसह 1,900 रुपयांना बदलून दिला. पंखा फिरतच राहिला. त्यावर गाडीचा कॉम्प्युटरच गेला असणार, असे त्याने डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावे तशा आवाजात सांगितले.

माझा राग 1,900 रुपयांवर नाही (आहे, पण तेवढाच नाही). सेन्सर बिघडला किंवा त्याची तार तुटली, तर इंजिन तापू नये म्हणून कॉम्प्युटर सावधगिरीने पंखा चालू ठेवतो, हे खरेच आहे. पण माझा पंखा सकाळी बॅटरीची तार टेकवताक्षणी, किल्ली माझ्या खिशात असताना, इंजिन विहिरीच्या पाण्याइतके गार असताना फिरू लागत असे. झोपलेला कॉम्प्युटर त्याला हुकूम तरी कसा देणार? हुकूम नसताना वीज पोचते, याचा अर्थ मधला दरवाजा उघडाच राहिला आहे, आणि तो दरवाजा म्हणजे रिले, कॉम्प्युटरच्या हुकमावर पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. पंखा सुरू होताना विजेचा जो धक्का बसतो, त्याने रिलेच्या आतले दोन संपर्कबिंदू कधीकधी एकमेकांना वितळून चिकटतात आणि मग सुटत नाहीत. रिले उपसून पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे कोणी दिली नाहीत. भाग बदलायला मात्र सगळे तयार होते.

म्हणून रविवारी दुपारी मी स्वतःच बॉनेट उघडले. समोरच्या घराच्या सोप्यावर काका बसले होते. काकांची सगळी नोकरी फेरीबोटीच्या इंजिनावर गेली असल्यामुळे जगातले प्रत्येक यंत्र ही त्यांच्या लेखी एक बिघडलेली फेरीबोट असते. मागच्या पावसात आमचे कपडे धुण्याचे यंत्र थरथरू लागले, तेव्हा 'वजन एके कुशीक गेलां' असे त्यांनी सोप्यावरूनच सांगितले होते आणि दुर्दैवाने ते बरोबर निघाले होते.

"कितें जालां?" काकांनी विचारले.

"काका, पंखा बंद होत नाही."

"आमच्या फेरीक पंखोच नाशिल्लो," काका म्हणाले. "न्हंयचें उदक." आणि हे बोलून त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, की भर रस्त्यात नदीशिवाय गाडी बाळगणे हाच मूळ अपराध असल्याचे मला पटू लागले.

मी फ्यूजच्या पेटीचे झाकण काढले आणि पंख्याचा रिले उपसला. पंखा तत्क्षणी थांबला. झाकणाच्या आतल्या चित्राप्रमाणे हॉर्नचा रिले अगदी त्याच जातीचा होता, तोच चार पायांचा, तेच 12 व्होल्ट आणि 30 अँपिअर. तो काढून मी पंख्याच्या जागी बसवला. पंखा गप्पच राहिला. म्हणजे तारा निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष, गुन्हेगार माझ्या डाव्या मुठीत. इथे शहाण्या माणसाने झाकण लावून घरी जावे. पण अदलाबदल या शब्दाचा मी शब्दशः अर्थ घेतला, आणि फर्मागुडीच्या वळणांवर हॉर्नशिवाय जायचे कसे, या विचाराने तो चिकटलेला रिले हॉर्नच्या रिकाम्या खाचेत दाबून बसवला.

दुपारचे अडीच वाजले होते. गोव्यात या वेळी दुकाने मिटलेली असतात आणि कुत्रीसुद्धा भुंकणे चारनंतरवर ढकलतात. अशा शांततेत माझी गाडी बोंबलू लागली, आणि थांबेना. रिले दोन बोटांत धरून ओढावा तर घामाने बोटे घसरत होती. बॅटरीची तार सोडावी तर 10 नंबरचा पाना हातातून निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी खाली गेला. खिडक्या उघडल्या. पंचा गुंडाळलेले, केस विस्कटलेले, एक जण तर उशी काखेत तशीच धरून, असे सगळे शेजारी कुंपणाशी जमले. निदान सिद्ध झाले आहे, बिघाड रिलेबरोबर हॉर्नमध्ये गेला हाच त्याचा पुरावा आहे, असे मी घसा फोडून सांगत होतो. ऐकू कोणालाच येत नव्हते.

काका मात्र सोप्याच्या कडेला येऊन सर्वांना समजावून देत होते. "पंखो रावलो," ते म्हणाले, "पूण गाडी आतां बोंब मारता मरे!"

अखेर बायकोने आतून स्वयंपाकघरातली सांडशी आणून दिली आणि तिने तो रिले निघाला. दुसऱ्या दिवशी 220 रुपयांना नवा आणला. मेकॅनिकला फोन करून सांगितले, तेव्हा तो म्हणाला की सेन्सर तरी नवीन झाला ना, तोही कधीतरी जाणारच होता.

काल संध्याकाळी रिले बसवून मी मुद्दाम काकांच्या देखत गाडी सुरू केली. इंजिन शांत, पंखा शांत. उकाडा होता म्हणून एसी लावला, आणि एसी लावल्यावर पंखा फिरायचाच असतो, त्याप्रमाणे तो फिरू लागला. काच खाली करून हे सांगणार, तोच समोरून साऱ्या वाड्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"परत सुरू जालो मरे!"