मेण, अळता आणि १७७० चा तो कायदा

नमस्कार काका,

लिपस्टिकच्या इतिहासावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. लाली लावून पुरुषाला लग्नाच्या जाळ्यात ओढणाऱ्या बाईला चेटकिणीची शिक्षा, असा कायदा १७७० साली ब्रिटिश संसदेने केल्याचं मी लिहिलं होतं; त्याला पुरावा काय, हा पहिला. आणि ओठ रंगवणं हे मुळात पाश्चात्त्यांचं खूळ, कंपन्यांनी ते आपल्या बायकांच्या गळी उतरवलं, हा दुसरा.

पहिलं तुमचं बरोबर. असा कायदा झाल्याची नोंद नाही. ही गोष्ट जागोजागी छापलेली सापडते आणि मीही मूळ न तपासता ती उचलली. चूक माझीच. तो परिच्छेद काढून तिथे दुरुस्तीची टीप टाकली आहे.

दुसरं मात्र मला मान्य नाही. कामसूत्रातला नागरकाच्या दिनक्रमाचा भाग वाचा. हा सुखवस्तू गृहस्थ सकाळी दात घासतो, उटी लावतो, धूप घेतो, माळ घालतो. मग ‘दत्त्वा सिक्थकमलक्तकं च’, म्हणजे मेण आणि अळता लावून आरशात तोंड बघतो, विडा घेतो आणि कामाला लागतो. कामसूत्राचा अर्थ सांगणाऱ्या जयमंगला या जुन्या टीकाग्रंथात तर कृतीच आहे: किंचित ओल्या अळत्याची गोळी ओठांवर घासायची आणि नंतर मेणाची गुटिका लावायची. अळत्याचा लाल रंग लाखेच्या किड्याचा. रंग आणि त्याला धरून ठेवणारं मेण, आजच्या कांडीचाही पाया हाच. आणि काका, हे ओठ पुरुषाचे आहेत!

याच्याही कितीतरी मागे जाता येतं. इराणच्या जिरोफ्त भागात २००१ मध्ये हलील नदीच्या पुराने जुनी थडगी उघडी पडली. तिथून मिळालेल्या एका बारीक दगडी कुपीतला गडद लाल लेप संशोधकांनी तपासला. त्याचा काळ इ.स.पू. १९३६ ते १६८७ च्या दरम्यानचा निघाला. रंग मुख्यतः हेमॅटाइट या लोखंडाच्या लाल खनिजाचा, सोबत वनस्पतींचं मेण. ही बहुधा ओठांचीच लाली, असं त्यांनी २०२४ मध्ये मांडलं.

पाश्चात्त्य आहे ती नळी. खालून फिरवली की कांडी वर येते, त्या नळीचं पेटंट अमेरिकेत नॅशव्हिलच्या जेम्स ब्रूस मेसन यांना १९२३ मध्ये मिळालं. कंपन्यांनी ती जोरात खपवली हेही खरं, आणि त्यांत आपलीही एक होती: १९५२ साली टाटांनी सुरू केलेली लॅक्मे.

माझ्या आजीने आयुष्यात लिपस्टिक हातात धरली नाही. पण सणाचं जेवण झालं की ती विडा खायची, फडताळातला आरसा काढून ओठ किती रंगलेत ते बघायची आणि आम्हा मुलींनाही दाखवायची. तिच्या गळी ते कुठल्या कंपनीने उतरवलं होतं?