खुलासा: उलटं तिकीट लावलं म्हणून ब्रिटनमध्ये फाशी होत नाही

राजाचं चित्र असलेलं टपाल तिकीट उलटं चिकटवणं ब्रिटनमध्ये ‘हाय ट्रीझन’ (म्हणजे राजा आणि देशाशी द्रोह) ठरतं आणि त्याला आजही फाशी आहे, असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

या गुन्ह्याचा मूळ कायदा 1351 चा, आणि तो अजून लागू आहे हे मात्र खरं. त्यात राजाच्या हत्येचा कट, राज्यात राजाविरुद्ध युद्ध पुकारणं, शत्रूला साथ देणं असे प्रकार येतात. तिकिटाचा त्यात उल्लेख असणं शक्यच नाही. पहिलं टपाल तिकीट निघालं 1840 साली!

या गुन्ह्यासाठी शेवटची फाशी 3 जानेवारी 1946 रोजी विल्यम जॉइसला झाली. तो जर्मन रेडिओवरून नाझींचा प्रचार करायचा. जन्माने अमेरिकन, पण खोटी माहिती देऊन ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला. त्या पासपोर्टचं संरक्षण होतं म्हणजे निष्ठाही बंधनकारक होती, असं न्यायालयाने ठरवलं. हा निकाल अनेक कायदेपंडितांना आजही खटकतो, आणि ते रास्तच आहे.

1998 मध्ये या गुन्ह्याची फाशी रद्द झाली. आता कमाल शिक्षा जन्मठेप.