विद्यार्थ्यांना दुसरी भेटही दाखवा

मेडिकलचे विद्यार्थी बालमानसोपचाराकडे वळत नाहीत, ही तक्रार आमच्या क्षेत्रात सारखी ऐकू येते. मला विचाराल तर दोष आमचा आहे. आम्ही त्यांना फक्त पहिली भेट दाखवतो.

दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये त्यांना काय दिसतं? रात्री कॅज्युअल्टीत आणलेली, स्वतःला इजा करून घेतलेली मुलगी. एकमेकांवर खापर फोडणारे आईबाप. मग पोस्टिंग संपते आणि विद्यार्थी सर्जरीला जातो. तिथे अपेंडिक्स काढलेला पेशंट दोन-तीन दिवसांत चालत घरी जाताना दिसतो. आमच्याकडचीही मुलं सावरतात, पण ते बघायला तो तिथे नसतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्या ओपीडीत बसायची परवानगी मागितली. तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. त्या दिवशी सात वर्षांचा एक मुलगा आला होता. घरी भरपूर बडबड, शाळेत मात्र दीड वर्षात एक शब्द नाही. सिलेक्टिव्ह म्यूटिझम. पाऊण तास आम्ही जमिनीवर बसून रेघोट्या मारल्या. मी एक वेडीवाकडी रेघ काढायची, त्याने तिचं चित्र करायचं, मग त्याची रेघ आणि माझं चित्र. बालरोगतज्ज्ञ असतानाच मनोविश्लेषक झालेल्या डोनाल्ड विनिकॉट यांचा हा खेळ.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आज आपण काहीच केलं नाही ना?"

मी विचारलं, "रेघ काढण्याआधी तो दर वेळी कोणाकडे बघत होता?"

तिने हिस्ट्री चार पानं लिहिली होती, पण हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. तो आईकडे बघायचा, आणि मी काही विचारलं की तो तोंड उघडायच्या आत आईच उत्तर द्यायची.

मी तिला तोच एक मुलगा दिला. दर पंधरा दिवसांनी यायचं, आठ महिने. प्रत्येक भेटीनंतर वीस मिनिटं आम्ही दोघी बोलायचो: काय दिसलं, आणि बघताना तुला काय वाटलं. दुसरा प्रश्न मेडिकलच्या विद्यार्थ्याला सहसा कोणी विचारतच नाही. एकदा मुलाच्या वडिलांचा तिला इतका राग आला की ती बाहेर जाऊन रडली. हे काम आपल्याला जमणार नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. तिला तिथेच एकटं सोडलं असतं तर आम्ही एक चांगली डॉक्टर गमावली असती. तो राग नेमका कशाचा, यावर आम्ही त्या दिवशी तासभर बोललो.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची (स्वमग्नतेची) ओळख करून दिली, हे विद्यार्थ्यांना पाठ असतं. त्याच ११ मुलांचं पुढे काय झालं याचा शोध घेऊन त्यांनी १९७१ मध्ये पुन्हा लिहिलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड, तोवर बँकेत नोकरी करत होता. मनोरुग्णालयांसारख्या संस्थांमध्ये आयुष्य गेलेल्यांची अवस्था मात्र वाईट होती. मी हे दोन्ही लेख विद्यार्थ्यांना एकत्रच वाचायला देते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयोगटात दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो. इतक्या मुलांना पुरतील एवढे डॉक्टर करिअर गायडन्सच्या भाषणांतून तयार होणार नाहीत. प्रशिक्षण लांबलचक आहे, घरचे "मग खरी डॉक्टर कधी होणार?" असं विचारतात, हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. सहकाऱ्यांनो, वेळ नाही हे मला माहीत आहे, मलाही नसतो. तरी एका विद्यार्थ्याला एक मूल द्या, आणि ती वीस मिनिटं द्या.

त्या मुलाला आम्ही पायरीपायरीने नेलं. आधी रिकाम्या वर्गात फक्त आईशी बोलायचं, मग दाराशी एक मित्र, मग तो मित्र आत, मग बाई, आणि आई हळूहळू बाहेर. मध्ये दोनदा गाडी मागे आली. आठव्या महिन्यात शाळेतून फोन आला तेव्हा मी रिसीव्हर त्या विद्यार्थिनीच्या हातात दिला. हजेरी घेताना तो "हजर" म्हणाला होता. फोन ठेवून तिने विचारलं, "मॅडम, त्याची पुढची भेट कधी आहे?"