बायल भुकेली आसा

आज तालुक्याला निसर्ग पर्यटनाच्या बैठकीला जाऊन आले. घरी येऊन चहा झाला, तरी डोकं भणभणतंय. पडद्यावर धनेश, म्हणजे आमच्या रानातला मोठ्या चोचीचा पक्षी, म्हणून जो फोटो लावला होता तो टुकानचा! दक्षिण अमेरिकेतला पक्षी. रिसॉर्टवाले, टूरवाले, साहेब लोक, सगळ्यांच्या माना डोलतायत. मागच्या खुर्चीवर आमचे तात्या. हळूच म्हणाले, "ह्यो आमचो नाय."

जे तात्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे उतरलेले चार फोटोवाले पाहुणे तात्यांनी देवाच्या रायीत नेले. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली. बाहेर बोटभर फट. नर फळं आणून त्या फटीतून भरवतो, बाकी तिला कुणाचाच आधार नाही. पाहुणे सरकत सरकत पार झाडाखाली. नर दोनदा आला, फांदीवर बसला, चोचीत फळ तसंच, आणि परत गेला. तात्यांनी त्यांच्याकडून घेतलेले दोन हजार खिशातून काढून परत त्यांच्या हातावर ठेवले. "तेची बायल भुकेली आसा. उठा आधी हयसून."

त्या पाहुण्यांनी मला एक स्टार दिला. देऊ देत.

आता या बैठकीत 'वहन क्षमता', म्हणजे एखाद्या जागेला किती माणसं सोसतील, हा शब्द किती वेळा आला मोजलं नाही मी. दोन हजार रुपये परत देणं हीच ती क्षमता, हे कुणाला सुचलं नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून आम्ही ऐकतोय. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशासाठी 2021 साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, छानच झालं. पण पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याखाली उभं राहून दाखवा, पायाला आधी बाटल्या लागतात.

हो, रोजगार हवा, मान्य. आमची पोरं पहाटे बाईकवरून गोव्याला कंपनीत जातात. माझ्याही दोन खोल्या पाहुण्यांवरच चालतात. रत्नागिरीतल्या वेळासला समुद्री कासवांच्या निमित्ताने गावातल्या घरांत पाहुणे उतरतात आणि गावच अंडी राखतं, तेही खरं. पण तिथे पिल्लं समुद्रात सोडायची ती वेळ बघून, आलेल्यांची सवड बघून नव्हे. इथे मात्र रायीपर्यंत डांबरी रस्ता, वर झिपलाइन, आणि खाली 'इको' लिहिलेली पाटी. चिऱ्याच्या भिंतीला हिरवा रंग मारला की झालं इको!

चिडून काय होणार, कळतंय मला. त्या साहेबांचंही चुकलं असं नाही, बिचारे नवीन आहेत, टिपणं घेत होते. फक्त हजेरीच्या कागदावर 'भागधारक' असा रकाना होता. शासन, उद्योजक, संस्था, इतर. तात्यांनी सही केली 'इतर'मध्ये. ज्यांच्या आज्याने त्या रायीची वाळकी काटकीसुद्धा देवाचा कौल लावल्याशिवाय उचलली नाही, ते इतर.

परत येताना तात्यांनी गाडी रायीच्या बाहेरच थांबवायला लावली. आत जाऊ म्हटलं तर नको म्हणाले. बंद गाडीत दहा-पंधरा मिनिटं बसलो, काच खाली करून. मग पंखांचा तो घुसघुसणारा आवाज वरून गेला.

"इलो," तात्या म्हणाले, आणि मला चावी फिरवायची खूण केली.