राजा बोले, पण दळ कुठे होते?

‘इंग्लंडमध्ये 1689 पर्यंत राजाचा शब्द हाच कायदा होता, आठव्या हेन्रीने मनात आणावे आणि ते घडावे, मग पार्लमेंटने एका फटक्यात राजाला शोभेचे बाहुले करून टाकले’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

राजाचा शब्द हाच कायदा, याला पुरावा म्हणून राजाच्या जाहीरनाम्यांना कायद्याइतके बळ देणाऱ्या 1539 च्या जाहीरनाम्यांच्या कायद्याकडे बोट दाखवले जाते. मात्र तो कायदा पार्लमेंटनेच केला होता, धर्मविषयक अपवाद वगळता निव्वळ जाहीरनाम्याच्या जोरावर कोणाचा जीव किंवा मालमत्ता घेता येणार नाही असे त्यातच नमूद होते आणि हेन्रीच्या मृत्यूच्या वर्षीच, 1547 मध्ये, तो रद्दही झाला.

हेन्रीने मनात आणले ते घडले का, हे 1525 साली दिसले. फ्रान्सवरच्या स्वारीसाठी हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी याने पार्लमेंटला न विचारता सामान्यांकडून संपत्तीचा सहावा आणि धर्मगुरूंकडून तिसरा हिस्सा मागितला. सफकमधल्या लॅव्हनम भागात कापडव्यापाऱ्यांनी विणकरांचे काम बंद केले आणि हजारो लोक गोळा झाले. त्या काळचा बखरकार एडवर्ड हॉल याच्या बखरीनुसार राजाच्या वतीने आलेल्या नॉरफोकच्या ड्यूकने ‘तुमचा म्होरक्या कोण?’ असे विचारल्यावर जॉन ग्रीन नावाच्या माणसाने उत्तर दिले, ‘दारिद्र्य.’ अखेर आपल्याला या मागणीची कल्पनाच नव्हती असा आव आणून हेन्रीने ती मागे घेतली आणि दंगेखोरांना माफीही दिली. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण येथे लागू पडत नाही, कारण हालायला दळच नव्हते: खडी फौज म्हणावी असे काही राजाकडे नव्हते आणि परगण्यांचा कारभार बिनपगारी न्यायाधिकारी म्हणून काम करणारे स्थानिक जमीनदारच पाहत होते.

एका बाबतीत मात्र त्या मजकुरात तथ्य आहे. दरबारातल्या एखाद्या माणसाचे डोके राजाच्या मर्जीवर धडावर राहत असे; हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला 1540 मध्ये खटला न चालवताच मारले गेले, तेही पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाने.

राहिला 1689 चा फटका, म्हणजे राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणारा पार्लमेंटचा हक्कांचा कायदा. त्यानंतरही मंत्री निवडणे, युद्ध पुकारणे आणि तह करणे हे अधिकार राजाकडेच होते, तिसऱ्या विल्यमने दोन्ही सभागृहांनी संमत केलेली अनेक विधेयके नाकारली आणि राणी ॲनने 1708 मध्ये स्कॉटलंडच्या नागरी सेनेविषयीचे विधेयक अडवले.